एका आढ्याखालची देवी

माझ्या थोरल्या जावेने एका सकाळी माझ्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. त्याचा सूड मी घेतला आणि पुरेपूर घेतला. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. ज्यांना शेवटी दोन बायकांनी गळ्यात गळे घालून रडलेलं आवडतं, त्यांनी हे इथेच सोडलं तरी चालेल.

आधी माझ्या तोंडाविषयी सांगते, कारण सगळं रामायण त्यावरून झालं. चाळिशी उलटली आणि माझ्या डोळ्यांभोवती बारीक दाणे यायला लागले. लाल, पिकणाऱ्या पुळ्या नव्हेत. भिजलेल्या साबुदाण्यासारखे, पण जरा निळसर. खालच्या पापणीखाली एक अख्खी ओळ, वरच्या पापणीवर थोडे, नाकाच्या बाजूला आणि गालाच्या हाडावर. दुखत नाहीत, खाजत नाहीत. थंडीत कुठे जातात कळत नाही, होळी झाली की परत हजर. आणि त्यातही गंमत अशी, की सकाळी तोंड धुताना बोटाला जेमतेम लागायचे आणि दुपारी उन्हातून आलं की टरारून फुगलेले असायचे.

आमचं घर डहाणूच्या किनाऱ्यावर. नवरा आणि थोरले दीर एकाच होडीवर जातात. होडीचा कारभार दिरांकडे, म्हणजे खरं तर जावेकडे. घरामागे बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या वलांडी आहेत, त्यांवर बोंबील वाळतात. जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगायचे. वलांडीही जावेच्याच. माझ्या वाटणीला काय आलं, तर फिरतीचा धंदा. सुकट, बोंबील, सोडे पाटीत भरायचे, जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि तलासरीच्या आठवडे बाजारात, कधी कासाला, उघड्यावर गोणपाट टाकून बसायचं. पावसाळ्याच्या बेगमीला पाड्यापाड्यांवरच्या बाया सुकं घ्यायला येतात तो वैशाखातला बाजार तुम्ही कधी पाहिलाय का? डोक्यावर पदराशिवाय काही नाही. संध्याकाळी घरी आलं की सोड्यांसाठी कोळंबी उकडायची, म्हणजे परत चुलीपुढे. मला घाम येत नव्हता, मी घामातच राहत होते.

ओल्या मासळीचं गिऱ्हाईक माशाचा डोळा बघतं. डोळा चकचकीत असेल तर मासा ताजा. सुक्या बोंबलाच्या डोळ्यात बघण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून माझं गिऱ्हाईक माझे डोळे बघायला लागलं. आधी बघायचं, मग एक पाऊल मागे सरायचं, मग म्हणायचं, “फिरून येते.” फिरून कोण येतंय!

आणि सल्ले! कुणी म्हणे चुना लाव. कुणी म्हणे तुरटी फिरव. एक म्हातारी म्हणाली, घोड्याच्या शेपटीचा केस बांध, चामखीळ गळून पडते. मी म्हटलं, “मावशी, पापणीला केस कुठून बांधू? आधी तुमच्या नाकाला बांधून दाखवा.” तिने वर्षभर माझ्याकडून सुकट घेतली नाही.

शेवटी एकदा कासाचा बाजार लवकर आटपला तेव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यात गेले. कातडीची डॉक्टर त्या दिवशी आलेली होती. पोरगेलीच होती, पण तिने खुर्ची ओढून माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघितलं. एक पाऊलही मागे सरली नाही. एवढ्यावरच मला रडू यायला लागलं होतं.

“मावशी, या घामाच्या गाठी आहेत,” ती म्हणाली. “घामाच्या बारीक नळीचं तोंड बंद होतं, आत पाणी साठून फुगा होतो. साधा रोग आहे, रोग म्हणायचीही गरज नाही.”

“डोळे जातील का?”

“नाही.”

“कुणाला लागतं का? माझ्या हातून, मासळीतून?”

“अजिबात नाही. ऊन आणि जाळ यांनी फुगतात, गारव्यात बसतात. घरी सुईने टोचू नका, पाणी निघेल पण परत भरेल. मोठ्या दवाखान्यात काढता येतात, पण नाही काढल्या तरी काही बिघडत नाही.” मग विचारलं, “सावलीत बसून धंदा करता येणार नाही का?”

मी म्हटलं, “सावली आहे हो घरात. पण ती सासूबाईंची आहे.”

ती सावली म्हणजे डहाणूच्या मासळी बाजारातला ओटा. पत्र्याच्या शेडखाली, अगदी तोंडाशी, बाजूला पाण्याचा नळ आणि डोक्यावर पंखा. सासूबाईंना त्यांच्या सासूकडून मिळालेला. जन्मभर त्या याच ओट्यावर बसल्या. आता गुडघे गेले होते, रिक्षातून उतरायला दोन माणसं लागायची. ओटा कुणाला तरी द्यायचा होता आणि सुना दोनच. जावेकडे होडी होती, वलांडी होत्या, दारात उभा राहून माल उचलणारा व्यापारी होता. सगळे म्हणत होते, ओटा धाकटीचा. सासूबाई तोंडाने म्हणत नव्हत्या, पण बाजाराला जाताना मला बरोबर घ्यायला लागल्या होत्या. बर्फ कुठे ठेवायचा, सुरमई कोणत्या गिऱ्हाइकासाठी झाकून ठेवायची, उधारीवाल्याला कसं हाकलायचं, सगळं दाखवत होत्या. मला त्या ओट्याखेरीज काही सुचत नव्हतं. खोटं कशाला बोलू, ओटा मिळाला की आधी त्या पंख्याखाली डोळे मिटून बसायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

जावेला ते कसं बघवेल? तिला सून यायची होती पुढच्या वर्षी. येणाऱ्या सुनेला आयता ओटा हवा होता.

सुरुवात तिने सरावली गावातल्या एका लग्नात केली. नात्यातली मुलगी, अंगणात हळद चाललेली. बायका ओळीने उठून मुलीला हळद लावत होत्या. माझी पाळी आली, मी बोटं वाटीत बुडवली आणि जाऊ मंडपभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तू नको गो लावू. तुझ्या तोंडावर ते काय काय आलंय. पोरीला लागलं म्हणजे?”

गाणं थांबलं. मुलीच्या आईने हळूच मुलीचं तोंड बाजूला वळवलं. माझ्या बोटांवरची हळद मी माझ्याच लुगड्याला पुसली आणि मागे जाऊन बसले. “वैनी, कासाच्या डॉक्टरने सांगितलंय, घामाच्या गाठी आहेत, लागत नाही,” एवढं मी बोलले होते. त्यावर ती म्हणाली, “डॉक्टर काय, काहीपण सांगतात.” आणि बायका हसल्या. त्यातली एकेक बाई मला आजही तोंडपाठ आहे.

त्यानंतर माझा फोटो बायकांच्या ग्रुपवर फिरला. लग्नात काढलेला, जवळून, दुपारच्या उन्हातला. खाली लिहिलेलं, काळजी घ्या. काळजी! चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

मग ती सकाळ आली. वैशाख चाललेला, समुद्राची बंदी तोंडावर. त्या शेवटच्या दिवसांत होडी एक दिवसही बांधून ठेवत नाहीत, कारण पुढे पावसाळाभर बसूनच खायचं असतं. मी पहाटे दार उघडलं तर माथ्यावर काहीतरी लागलं. कडुलिंबाचा डहाळा. ताजा, पाला हिरवागार, चौकटीच्या खिळ्याला बांधलेला.

आमच्याकडे दाराला लिंब बांधला की सांगावं लागत नाही. त्या घरात देवी आलीय. गोवर असो, कांजिण्या असोत, आमच्या लेखी देवीच. त्या घरात मासळी शिजत नाही, फोडणी पडत नाही, तेलाची कढई चढत नाही. घरची बाई बाजारात जात नाही. त्या घरातून मासळी विकली जात नाही आणि कुणी घेतही नाही. गल्ली आधीच जागी झालेली. पाण्याला निघालेल्या समोरच्या बायकांनी डहाळा बघितला, माझं तोंड बघितलं, हात जोडले आणि कडेकडेने निघून गेल्या. झालं. तासाभरात बाजारात कळणार, ओट्याच्या सुनेच्या तोंडावर देवी आलीय.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी डहाळा ओढायला हात वर केला आणि दोरी दिसली. निळी नायलॉनची, आमच्याच जाळ्याची. आणि तिची गाठ. आमच्या घरात जाळं विणताना गाठ उजवीकडून फिरवतात. जावेच्या माहेरी डावीकडून. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिचा हात डावीकडूनच जातो, सासूबाई अजून त्यावरून तिला टोचतात. समोरची गाठ डावीकडची होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं.

मी आरडाओरडा करणारच होते. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. त्यांनी डहाळा बघितला. गाठ बघितली, त्या गाठीवर त्यांची नजर थांबलेली मी पाहिली. मग माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता, तो कुठून असणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काय गो, आलीय काय देवी?”

शेजारच्या दारात जाऊ उभी होती, पदर खोचून, बोंबलाची पाटी कमरेवर. तोंडावर अशी काळजी, की नाटकात घ्यावं. होडी किनाऱ्याला पाण्यात उतरवत होते त्याचा आवाज येत होता.

आणि माझं लक्ष वर गेलं.

आमचं घर एकच आहे. मासळीच्या पैशांनी सासऱ्यांनी बांधलेलं, एकच लांब कौलारू घर. दोन भाऊ वेगळे झाले तेव्हा मध्ये भिंत घातली, दारं दोन केली, मीटर दोन केले, सासूबाई थोरल्याच्या बाजूला राहिल्या. पण भिंत कौलांपर्यंत गेलेली नाही. वर आढं एकच आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाकूड. आणि आमच्यात देवी दाराला येत नाही, आढ्याला येते. एका आढ्याखाली जेवढ्या चुली, तेवढ्या सगळ्या बांधलेल्या. हे माझ्या जावेला माहीत नव्हतं असं नाही. रागात विसरली. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

मी हात खाली घेतला, डोक्यावरून पदर घेतला. “हो आई,” मी म्हटलं. “आलीय. वैनींना माझ्याआधी कळलं बघा.”

 सासूबाईंनी काठी जमिनीवर आपटून पोराला हाक मारली, “होडी वर घ्या रे. घरात देवी आहे.”

जावेच्या कमरेवरची पाटी खाली आली. “आई, देवी तिच्याकडे आहे. आमच्या बाजूला काय?”

“आढं किती आहेत?” सासूबाईंनी विचारलं.

“पण आमचं दार...”

“दाराचं नाय विचारलं मी. आढं किती?”

त्या वेळी तिचं तोंड बघायला मिळालं म्हणून मी देवाचे आभार मानते.

होडी वर ओढली. खलाशी दुसऱ्यांच्या होडीवर गेले, ते काय उपाशी बसणार? वलांडीवर आदल्या दिवशीचे बोंबील अर्धवट सुकलेले होते. त्यांना हात लावायचा नाही, विकायचे नाहीत, खायचे नाहीत. कावळ्यांना कुणी निरोप पाठवला कोण जाणे, पण दुपारपर्यंत अख्ख्या डहाणूतले कावळे आमच्या मागच्या दारी. जाऊ काठी घेऊन उभी राहिली. मी खिडकीतून म्हटलं, “वैनी, हाकलू नका. देवीचा नैवेद्य समजा.”

आता मला फक्त एक करायचं होतं. देवीला मुक्कामाला ठेवायचं. देवी कधी जाते? दाणे बसले की. आणि माझे दाणे कशाने बसतात, कशाने फुगतात, हे साऱ्या गल्लीत एका मलाच माहीत होतं. डॉक्टरने सांगितलेलं मी अक्षर न् अक्षर पाळलं, फक्त उलटं पाळलं. पंखा बंद. खिडकीला गोणपाट. चूल पेटलेली. पेज शिजवायला किती जाळ लागतो? मी लग्नाच्या पंगतीचा जाळ घालत होते आणि समोर पाटावर बसत होते. घाम नाकावरून टपटप खाली पडायचा. आरशात बघायची, एकेक दाणा कसा मोत्यासारखा वर आलेला असायचा. ज्या तोंडाची इतकी वर्षं लाज वाटली, त्या तोंडाला म्हणायची, “शाब्बास गो बायांनो, असंच राहा.”

जाऊ रोज पहाटे दारात यायची, कारण पहाटे ते बसलेले असायचे. “बघ, कमी झालंय,” म्हणायची. “उद्या जाईल देवी.” मी म्हणायची, “तुमच्या तोंडात साखर पडो वैनी.” आणि ऊन वर आलं की सासूबाईंना बोलावून दाखवायची. त्या चष्मा चढवून बघायच्या. “अजून हाय,” एवढंच म्हणायच्या आणि काठी टेकत परत जायच्या. एकदाही त्यांनी विचारलं नाही, की एवढा जाळ कशाला घातलायस.

सोपं नव्हतं ते. मासळीवाल्याच्या घरात मासळीशिवाय राहून बघा. मीठ टाकलेली पेज आणि दही. शेजारी कुणी बोंबील तळले की नवरा अंगणात जाऊन उभा राहायचा, वास घ्यायला. एक दिवस तो चुलीपाशी येऊन बसला, माझ्याकडे बघितलं, चुलीकडे बघितलं. अडाणी नाही तो.

“अगं, पुरे आता,” तो म्हणाला. “दादाचं तोंड बघवत नाही. होडी आपलीपण आहे ना? नुकसान आपलंपण होतंय.”

“सरावलीच्या मंडपात माझं तोंड बघवलं तुम्हाला?” मी विचारलं. “पुरुषांत बसून जेवत होता ना?”

तो उठून गेला.

खरी भीती मला वेगळीच होती. ओटा. आमच्या बाजारात ओट्याचा कायदा एकच. रिकामा राहिला की ज्याची पाटी त्याचा ओटा. सासूबाई घरात, मी घरात, जाऊ घरात. आधी बातमी आली, की बोर्डीकडची एक कोळंबीवाली आपली पाटी ओट्याच्या कडेला टेकवते. मग आली, की ती कडेला बसते. मग एका दुपारी बाजारातून एक ओळखीची बाई अंगणाबाहेर उभी राहून ओरडली, “म्हातारे, तुझ्या ओट्यावर तिने बर्फाचा खोका आणून ठेवलाय बघ!”

बर्फाचा खोका म्हणजे मुक्काम. ज्या ओट्यासाठी मी भाजून घेत होते, तोच हातचा चालला होता. आणखी थोडं ताणलं असतं, तर तिघींनाही काही उरलं नसतं. वाटलं, उठावं, चूल विझवावी, पंखा लावावा, सांगून टाकावं. उठलेही मी. हात पाण्याच्या तांब्यापर्यंत गेला होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून जावेचा आवाज आला. भिंत कौलांपर्यंत नाही ना, सगळं ऐकू येतं. ती सासूबाईंपुढे रडत होती. “आई, ती देवी नाय. कासाच्या डॉक्टरने तिला सांगितलंय, घामाच्या गाठी आहेत. कुणाला लागत नाय. तिनेच मला सांगितलं होतं, सरावलीच्या लग्नात. देवी कसली? ताप नाय, काय नाय!”

मी तांब्या खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं, आणि बाहेर येऊन त्यांच्या पायरीपाशी उभी राहिले.

“काय म्हणालात वैनी?”

तिने घाईने डोळे पुसले.

“आता म्हणालात ना, लागत नाही म्हणून? मग भिंतीआड कशाला? देवी आणली तिने देवी पाठवायची. उद्या सकाळी गल्ली बोलवा. डहाळा ज्या हाताने बांधला त्या हाताने काढा, माझी ओटी भरा आणि हेच सगळं तिथे म्हणा. नाहीतर मला काय घाई नाही. वैशाख अजून बाकी आहे.”

“मी बांधला? मी नाय बांधला!”

सासूबाई पहिल्यांदाच हसल्या. “माझ्या घरात डावी गाठ मारणारी दुसरी कोण हाय गो?” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गल्ली जमली. बोलवावं लागलंच नाही, अशा गोष्टींना बायका झोपेतून उठून येतात. सरावलीच्या लग्नात हसलेल्याही होत्या, त्यांना मी मुद्दाम निरोप धाडला होता. मी लिंबाच्या पाण्याने न्हाऊन दारात पाटावर बसले. जावेने स्टुलावर चढून डहाळा काढला. गाठ आवळून बसलेली, सुटेना. बायका बघत होत्या तिचा हात कोणत्या बाजूने जातो ते. शेवटी तिने दोरी विळ्याने कापली.

मग ती माझ्यासमोर बसली. तांदूळ, नारळ, खण. ओटी भरली. हळदीची वाटी घेतली आणि बोट माझ्या कपाळाकडे आणलं. मी तोंड जरा वर केलं.

“कपाळाला नको,” मी म्हटलं. “जिथे देवी आहे तिथे लावा.”

तिचं बोट थांबलं. मग तिने माझ्या खालच्या पापणीवर, त्या दाण्यांच्या ओळीवर हळद लावली. एका डोळ्याखाली, मग दुसऱ्या. मी डोळे उघडे ठेवले होते, पूर्ण वेळ.

“हात लावलास तू,” सासूबाई मागून म्हणाल्या. “तुला लागेल मग?”

“नाय लागत,” जाऊ म्हणाली.

“मला ऐकू येत नाय.”

“नाय लागत!” ती ओरडली. “घामाच्या गाठी आहेत. कुणालाच लागत नाय.”

“मग मंडपात काय म्हणाली होतीस?” हे मात्र गर्दीतून कुणीतरी विचारलं, मी नाही. जाऊ माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकली, कारण ओटी भरल्यावर देवीच्या पाया पडायचंच असतं. मी तिला उठ म्हटलं नाही. तिची मान खाली होती तेवढा वेळ मी सरावलीच्या बायकांकडे एकेक करून बघितलं.

होडी त्याच दिवशी पाण्यात गेली. बंदीआधी थोडेच दिवस उरले होते आणि जेवढं गेलं ते गेलंच, ते माझंही गेलं. त्या पावसाळ्यात आम्ही दोन्ही घरांनी डाळ फार खाल्ली. चालतं. असं जेवण मला कधी गोड लागलं नव्हतं.

सासूबाई मला घेऊन बाजारात गेल्या. कोळंबीवाली खोका हलवायला तयार नव्हती. सासूबाई काही न बोलता तिच्या खोक्यावर बसल्या, मग ती उठली. “ही माझी धाकटी सून,” त्यांनी आजूबाजूला सांगितलं. “उद्यापासून हीच बसेल.” रिक्षात चढवताना मी त्यांना विचारलं, “आई, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?” त्या म्हणाल्या, “कपाळ थंड होतं गो तुझं.” आणि गुडघा चोळत राहिल्या.

आता मी त्या पंख्याखाली बसते. दाणे पूर्वीसारखे फुगत नाहीत, थंडीत तर कुणाला दिसतही नाहीत. गिऱ्हाईक माशाचा डोळा बघतं आणि पैसे देतं. मध्ये कासाला गेले तेव्हा त्या डॉक्टरने ओळखलं. म्हणाली, “मावशी, बरंच कमी आहे. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देऊ का? उरलेल्या काढून टाकतील.”

“नको,” मी म्हटलं. “राहू द्या.”

“त्रास नाही ना होत?”

“मला नाही होत,” मी म्हटलं.

जावेची सून आली. चांगली आहे पोरगी, वलांडीवर राबते. आणि दर वर्षी वैशाख तापला की जाऊ बाजारात येते. माझ्या ओट्यापुढे थांबते, मासे चाळल्यासारखं करते, मग हळूच माझ्या डोळ्यांकडे बघते आणि विचारते, “गाठी बऱ्या हायत ना गो?”

मी बर्फावरचा मासा उलटा करते आणि सांगते, “बघू. चूल तर घरीच आहे.”